म्हाळसाबाईंची अर्धी तसबीर

१९४८ सालच्या दिवाळीच्या आठ दिवस आधी म्हाळसाबाई जिनगर पाथरीहून वालूरला परत आल्या. सोबत एक पेटी, एक वळकटी आणि दोन हात लांबीची पत्र्याची नळी होती. छकड्यातून उतरताना पेटी त्यांनी भुजंगाकडे दिली, वळकटी त्याच्या बायकोकडे, नर्मदाबाईकडे दिली. नळी मात्र कुणाकडे दिली नाही. ती छातीशी धरूनच त्या उंबरा ओलांडून आत गेल्या.

भुजंग त्यांच्या भावाचा मुलगा. भाऊ आता राहिला नव्हता. भुजंगाचं चार एकर रान होतं आणि बैलांचे कातडी साज शिवायचं वडिलोपार्जित कामही तो करायचा. आत्या आयुष्यभर मोठ्या लोकांच्या देवड्यांत, म्हणजे वाड्यांत, राहिली एवढंच त्याला माहीत होतं. तिथं ती तसबिरी काढते असं त्याचे वडील सांगायचे, पण त्यातली एकही तसबीर वालुरात कुणी पाहिलेली नव्हती. गावात सगळे समजून होते की म्हाळसाबाई देवडीत बेगमांची वेणीफणी करतात, पोरं सांभाळतात. भुजंगालाही आतून तसंच वाटायचं. त्याची त्याला थोडी लाजही वाटायची, पण तो कधी बोलला नाही.

खरी गोष्ट अशी होती. म्हाळसाबाईंचे वडील मुंजाजी जिनगर दरवाजे, पालख्या, पाळणे रंगवायचे. लेक लहानपणापासून त्यांचे रंग खलायची. अकराव्या वर्षी तिचं लग्न झालं, चौदाव्या वर्षी नवरा पटकीनं गेला. माहेरी आलेल्या लेकीच्या हातात वडिलांनी एक दिवस कुंचला दिला आणि पाळण्यावरचा मोर काढायला सांगितलं. मोर पाहिल्यावर पुढच्या कामांत मोर, हत्ती, माणसं सगळं तीच काढू लागली.

ती सतरा वर्षांची असताना पाथरीच्या जागीरदारांच्या देवडीवरून बोलावणं आलं. थोरल्या बेगमेला स्वतःची तसबीर काढून हवी होती. पण ती पडद्यातली बाई. परक्या पुरुषापुढं बसायची कशी? मुंजाजींनी सांगितलं, माझी लेक माझ्याहून चांगलं काढते. म्हाळसाबाई पडद्याच्या आत गेल्या आणि एकवीस दिवसांनी तसबीर पुरी करून बाहेर आल्या. बेगमेनं ती पाहिली आणि त्यांना हैदराबादला एका म्हाताऱ्या पारशी बाईंकडे दोन वर्षं तेलाचे रंग शिकायला ठेवलं.

त्यानंतर पस्तीस वर्षं त्या एका देवडीतून दुसऱ्या देवडीत जात राहिल्या. पाथरी, औरंगाबाद, बीदर, हैदराबाद. पडद्यातल्या बायकांची तसबीर काढणारी बाई त्या मुलखात दुसरी नव्हती. त्यांनी चाळीसेक बायका रंगवल्या. प्रत्येक तसबीर जनानखान्यात टांगली गेली आणि घरच्या माणसांपलीकडे कुणाला दिसली नाही. हा करारच होता. म्हाळसाबाईंना त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. बसणारीला तसबीर आवडली की त्यांचं काम झालं.

नळीत होती ती शेवटची तसबीर, आणि ती अर्धी होती.

थोरल्या बेगमेची सून अमतुल बेगम. तिला सगळे पाशा म्हणत. तिची एकुलती लेक रफिया अठरा वर्षांची होती आणि तिचं लग्न औरंगाबादेला ठरलं होतं. लेक गेली तरी तिची तसबीर घरात राहावी म्हणून पाशानं उन्हाळ्यात म्हाळसाबाईंना बोलावून घेतलं. कोणा परक्या पुरुषाची नजर तसबिरीवर पडू देणार नाही, असं वचन नेहमीप्रमाणं घेतलं. श्रावणापर्यंत रफियाचा चेहरा झाला, खांदा झाला, हिरवा दुपट्टा झाला. हातांच्या जागी नुसत्या कोळशाच्या रेघा होत्या. तेवढ्यात दिवस बिघडले. सप्टेंबरात पोलिस ॲक्शन झाली, भारताची फौज निजामाच्या राज्यात शिरली. एके दिवशी सकाळीच देवडीतल्या बायका दोन झाकलेल्या गाड्यांत बसून निघाल्या. कुठं जातो हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. गाडीत चढताना पाशानं म्हाळसाबाईंचा हात धरला आणि एवढंच म्हणाली, "मेरी बच्ची को संभालो."

मुलगी तर तिच्या शेजारीच बसलेली होती. पाशा तसबिरीबद्दल बोलत होती.

म्हाळसाबाईंनी कापड चौकटीवरून सोडवलं, गुंडाळलं आणि पाथरीतल्या एका पत्रेवाल्याकडून नळी करून घेतली. रस्त्यांवर काय काय घडलं याच्या बातम्या पुढचा महिनाभर येत राहिल्या. त्या ऐकून त्यांचं जेवणावरचं मन उडालं. दोघी मायलेकी कुठं आहेत, आहेत की नाहीत, सांगणारं कुणी नव्हतं.

वालुरात त्या नळीची बोलवा व्हायला वेळ लागला नाही. कुणी म्हणालं, बेगमेचं सोनं आहे. कुणी म्हणालं, कागद आहेत. कुणी तर बंदूक आहे असंही सांगितलं. त्या दिवसांत बिनपरवान्याची हत्यारं जमा करायला पोलिसांचं पथक गावोगाव फिरत होतं. ते वालूरला आलं तेव्हा कुणीतरी भुजंगाच्या घराकडे बोट दाखवलंच.

पथकाचा जमादार परमुलखातला, पण सभ्य माणूस होता. सोबत गावचे पाटील दत्तराव होते. भुजंगाच्या अंगणात माणसं गोळा झाली. जमादारानं नळी उघडून दाखवायला सांगितलं. म्हाळसाबाई दारात उभ्या राहिल्या आणि नाही म्हणाल्या. आत हत्यार नाही, सोनं नाही, एका मुलीची तसबीर आहे, आणि ती पुरुषाला दाखवणार नाही असं मी तिच्या आईला बोलले आहे, असं त्यांनी सरळ सांगितलं.

भुजंग पुढं आला. त्यानं आत्याला हळू आवाजात विनवलं. दत्तराव म्हणाले, "म्हाळसाबाई, हत्यार नसंल तर दाखवायला काय जायलंय तुमचं?"

"माझं काई जात न्हाई, पाटील," म्हाळसाबाई म्हणाल्या. "शब्द जातो. तुमी एखाद्या बाईला आत धाडा. ती बगंल ते तिनं बाहेर येऊन सांगावं."

जमादारानं दत्तरावांकडे पाहिलं. दत्तरावांनी जरा विचार केला आणि आपल्या बायकोला, कडूबाईंना, बोलावणं पाठवलं. कडूबाई करारी होत्या. त्या कुणाच्या भिडेनं खोटं बोलणार नाहीत हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्या आल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आत गेल्या. दार लागलं.

म्हाळसाबाईंनी नळीचं झाकण काढलं आणि कापड बाजेवर उलगडलं. कडूबाई वाकल्या. मग त्यांनी तसबिरीतल्या दुपट्ट्याच्या काठावर बोट न टेकवता वरूनच फिरवलं आणि विचारलं, ही पोरगी कुठं आहे आता?

म्हाळसाबाई म्हणाल्या, ते मला ठाऊक नाही.

कडूबाई बाहेर आल्या आणि अंगणातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आत एक लेक हाय. तुमच्या-आमच्या घरातल्या लेकीवाणी. दुसरं काई न्हाई. आता ह्या बाईला पुन्हा कुणी इचारायचं न्हाई."

जमादारानं कागदावर दोन ओळी लिहिल्या, म्हाळसाबाईंना नमस्कार केला आणि पुढच्या घराकडे वळला. भुजंग भिंतीला टेकून खाली बसला. नर्मदाबाईनं त्याला पाण्याचा तांब्या आणून दिला, तो त्यानं एका दमात संपवला.

चार दिवसांनी दुपारी कडूबाई एकट्याच आल्या. त्यांना तसबीर पुन्हा पाहायची होती. पाहून झाल्यावर त्या उठेनात. शेवटी म्हणाल्या, माझी माय मी सहा वर्षांची असताना गेली, तिचं तोंड मला आठवत नाही. माझ्या लेकींना असं व्हायला नको. मग लाजत लाजत त्यांनी विचारलं, "माझं काढताल का?"

म्हाळसाबाईंना वाटलं होतं की देवड्यांबरोबर आपलं कामही संपलं. पेटीच्या तळाशी रंगाच्या थोड्या नळ्या उरल्या होत्या, दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या काढल्या. तेवढे रंग पुरणार नाहीत हे दिसताच त्यांनी वडिलांची रीत आठवली. गेरू खलला, काजळ धरलं, जवसाचं तेल उन्हात ठेवून दाट केलं. जाड खादीला खळ लावून भुजंगानंच केलेल्या चौकटीवर ती ताणली. कशासाठी हे त्यानं विचारलं नाही. कडूबाई रोज दुपारी, माणसं रानात असताना, येऊन बसायच्या.

तसबीर वाळल्यावर भुजंग ती धडप्यात गुंडाळून पाटलांच्या घरी पोचवायला गेला. दत्तरावांनी त्याच्या देखतच धडपं सोडलं. कडूबाई आतून पाहत होत्या. दत्तरावांनी एकदा तसबिरीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि चष्मा शोधायला लागले. भुजंगानंही पाहिलं. कडूबाईंच्या कपाळावरचं गोंदण, डाव्या भुवईतला लहानपणचा व्रण, आणि काही मनाविरुद्ध झालं की ओठ मुडपायची त्यांची रीत, सगळं त्या कापडावर होतं.

घरी येऊन तो आत्यासमोर बसला.

"आत्या, मी आजवर समजत होतो, तू तितं…"

"मला ठाव होतं," म्हाळसाबाई म्हणाल्या.

"मग सांगितलं कामून न्हाई?"

"सांगून काय दिसलं असतं, बाबा?"

त्या दिवसापासून भुजंग कुणी विचारलं की सांगायचा, आमची आत्या मुसव्विर आहे. चित्रकारासाठीचा हा उर्दू शब्द तो मुद्दाम वापरायचा, कारण निजामाच्या राज्यात वाढलेल्या माणसाला त्यातला मान बरोबर कळायचा.

पुढच्या सहा-सात वर्षांत वालुरातल्या बऱ्याच बायका म्हाळसाबाईंसमोर बसल्या. कुणी लेक सासरी जायच्या आधी तिला घेऊन यायची, कुणी म्हातारी सासू हाताला धरून आणायची. धुरपताबाई धनगरीण आली ती कडेवर शेळीचं दोन दिवसांचं करडू घेऊनच. ते खाली ठेवायला ती तयार होईना. त्याची माय मेली आहे, मी ठेवलं तर ओरडेल, असं म्हणाली. म्हाळसाबाईंनी करडासकट तिला काढलं. आणि करडू इतकं वळवळलं की त्याचे कान तीनदा पुसावे लागले.

काम होतं, घर होतं, मान होता. तरी दर दोन-तीन महिन्यांनी म्हाळसाबाई नळी उघडायच्या, कापड उलगडून वारा द्यायच्या आणि परत गुंडाळायच्या. पाथरीच्या पत्त्यावर त्यांनी तीन पत्रं लिहवून घेतली. तिन्ही परत आली. घर बंद होतं. जागिरी गेल्या होत्या आणि देवडीत आता कुणी राहत नव्हतं. कडूबाई अधूनमधून विचारायच्या, त्या लेकीचं काही कळलं का? म्हाळसाबाई मान हलवायच्या. पुढं पुढं कडूबाईंनी विचारणं सोडलं. तेच म्हाळसाबाईंना जास्त लागलं.

१९५५च्या पावसाळ्यानंतर हुसेनबी मनियारीण बांगड्या भरायला घरी आली. ती वर्षातून दोनदा हैदराबादेहून लाखेच्या बांगड्या आणायची आणि सेलू-पाथरीकडच्या गावांतून विकायची. नर्मदाबाईच्या हातात बांगडी चढवता चढवता तिची तोंडाची टकळी चालू होती. यंदा लाड बाजारात पाथरीची बेगम भेटली, हुसेनबी सांगत होती; हात ओळखला मी तिचा, लहान मनगट, तिच्या लग्नात बांगड्या मीच भरल्या होत्या.

म्हाळसाबाई आत डाळ निवडत होत्या. त्या सूप घेऊनच बाहेर आल्या.

"कोण बेगम?"

"अमतुल पाशा. मलकपेठेत राहते. लेक बी हाय संगं. रफिया. मास्तरीण झाली ती, पोरींच्या शाळेत."

"दोघी?" म्हाळसाबाईंनी विचारलं. "तू डोळ्यानं बगितलीस दोघींना?"

हुसेनबी म्हणाली, डोळ्यांनी पाहिलं, रफियाच्या हातातही सहा बांगड्या भरल्या, तिची लहान मुलगी मांडीवर बसली होती.

म्हाळसाबाईंनी सूप खाली ठेवलं, मागच्या अंगणात गेल्या आणि रांजणाजवळ बसून रडायला लागल्या. नर्मदाबाई अर्ध्या भरलेल्या हातानं मागोमाग धावली. कोण गेलं, काय झालं, म्हणून तिनं त्यांना गदागदा हलवलं.

"कुणी मेलं न्हाई, पोरी," म्हाळसाबाई म्हणाल्या. "कुणीच मेलं न्हाई मनून रडायलेय."

हुसेनबीकडून पत्ता घेऊन त्यांनी त्याच दिवशी पत्र लिहवलं. दुपारी कडूबाईंना जाऊन सांगितलं. त्या बाजेवर पडलेल्या होत्या, उठून बसल्या आणि घरात होता तेवढा गूळ आल्यागेल्याला वाटून टाकला.

नाताळच्या सुट्टीत रफिया स्वतः आली. सेलूच्या स्टेशनावर भुजंग छकडा घेऊन गेला होता. बुरख्यातली बाई शोधत तो फलाटावर फिरला. तेवढ्यात सुती साडी नेसलेली, चष्मा लावलेली एक बाई त्याच्याजवळ आली आणि तिनं विचारलं, तुम्ही म्हाळसाबाईंचे भुजंग का?

घरी पोचल्यावर म्हाळसाबाईंनी तिचा चेहरा उघडा पाहिला आणि सवयीनं तिला पटकन आत न्यायला लागल्या, कारण अंगणात माणसं होती. रफिया हसली, त्यांचा हात धरून तिथंच थांबली आणि मग त्यांच्या गळ्यात पडली.

आत बसल्यावर तिनं सगळं सांगितलं. गाड्यांतून निघाल्यावर पहिले पंधरा दिवस फार वाईट गेले. परभणीत एका ओळखीच्या वकिलाच्या घरच्यांनी त्यांना ठेवून घेतलं आणि रस्ते मोकळे झाल्यावर हैदराबादला पोचवलं. औरंगाबादचं लग्न त्या गडबडीत मोडलं. आईनं दागिने विकले आणि तिला शिकवलं. शाळेत लागल्यावर तिनं बुरखा सोडला. आधी आई रागावली, मग काही बोलली नाही. तिच्याच शाळेतल्या एका मास्तराशी तिचं लग्न झालं. मुलगी दोन वर्षांची आहे. तसबीर आणि म्हाळसाबाई दोन्ही गेल्या असंच आई धरून चालली होती. पत्र आलं तेव्हा तिनं ते चारदा वाचून घेतलं.

म्हाळसाबाईंनी नळी उघडली. बाजेवर अठरा वर्षांची रफिया उलगडली गेली. दुपट्ट्यावर दोन बारीक भेगा पडल्या होत्या, बाकी रंग जसाच्या तसा होता. पंचवीस वर्षांची रफिया तिच्याकडे बघत राहिली.

"हात राहिलेत," म्हाळसाबाई म्हणाल्या. "आठ दिवस राहिलीस तर पुरे करते. पण तोंड आता तसं न्हाई तुजं. बदलू का?"

रफियानं विचार केला. "नको. अम्मीला तीच पाहिजे, घरातून निघालेली. हात आत्ताचे काढा."

आठ दिवस ती अंगणात सकाळच्या उन्हात बसली. म्हाळसाबाई आता साठीच्या झाल्या होत्या. परभणीहून आणलेला चष्मा लावल्याशिवाय त्यांना बारीक रेघ दिसत नव्हती. पहिल्या दिवशी त्यांनी एकच रेघ दोनदा पुसली. रफियानं ते पाहिलं आणि शाळेतल्या पोरींच्या गमती सांगायला लागली. हळूहळू रेघा जमायला लागल्या. अठरा वर्षांच्या त्या मुलीच्या मांडीवर खडू धरून बोटांची कातडी कोरडी झालेले, उजव्या मधल्या बोटावर लेखणीचा घट्टा असलेले हात आले. म्हाळसाबाईंना वाटलं, हे हात आधीच्या हातांपेक्षा काढायला चांगले आहेत, त्यांत बघण्यासारखं जास्त आहे.

त्या आठ दिवसांत अंगणात कोण येतं, कोण जातं याकडे रफियानं लक्ष दिलं नाही. तसबीर उघडीच वाळत असायची. पहिल्या दिवशी म्हाळसाबाई तिच्यावर पदर धरायला धावल्या होत्या. रफिया म्हणाली, आईशी बोलूनच मी आले आहे. ते वचन आता तुमच्यावर नाही. त्या संध्याकाळी म्हाळसाबाई पोटभर जेवल्या. नर्मदाबाईनं आपण होऊन दुसऱ्यांदा भाकरी वाढली तरी त्यांनी नको म्हटलं नाही.

शेवटच्या दिवशी रफियानं तसबिरीच्या कोपऱ्याकडे पाहून विचारलं, तुमचं नाव कुठं आहे? म्हाळसाबाईंनी आजवर एकाही तसबिरीवर नाव घातलं नव्हतं. देवडीतल्या बाईच्या चित्रावर जिनगराच्या लेकीचं नाव शोभत नाही, असं त्यांना पहिल्या दिवसापासून वाटत आलं होतं. रफियानं कुंचला त्यांच्या हातात दिला आणि नाव घातल्याशिवाय तसबीर नेणार नाही म्हणून बसून राहिली. म्हाळसाबाईंना जेमतेम लिहिता येत होतं. भुजंगानं पाटीवर काढून दिलं आणि त्यांनी ते रंगात उतरवलं. 'म्हाळसा' एवढंच, जरा वाकडं.

महिन्याभरानं हैदराबादहून पाशाचं पत्र आलं. गावातल्या उर्दू शिकलेल्या मास्तरांनी ते वाचून दाखवलं. पाशानं लिहिलं होतं की तसबीर बैठकीत लावली आहे, येईल त्याला दाखवते. एक मुलगी सकाळी शाळेला जाते, एक दिवसभर माझ्याजवळ घरी असते, आता मला कशाची कमी नाही. म्हाळसाबाईंनी पत्र घडी करून कनवटीला लावलं आणि त्या दुपारी झोपल्या. दिवसाउजेडी त्यांना झोपलेलं नर्मदाबाईनं पहिल्यांदाच पाहिलं.

त्यानंतर एक दिवस दत्तराव पाटील आले. बराच वेळ ते पाऊसपाण्याचं, मराठवाडा आता मुंबई राज्यात जाणार म्हणतात त्याचं बोलत राहिले. म्हाळसाबाई वाट बघत राहिल्या. अखेर दत्तराव खाली बघत म्हणाले, "घरात हिची तसबीर एकटीच हाय भिंतीवर. शेजारी जागा रिकामी दिसायलीय."

म्हाळसाबाईंनी त्यांना स्पष्ट सांगितलं की मी जन्मात पुरुषाचं तोंड काढलेलं नाही. मिशा कशा काढायच्या हे मला शिकावं लागेल, बिघडलं तर नाव ठेवायचं नाही.

दत्तराव म्हणाले, बिघडू द्या.

दुसऱ्या दिवशी ते फेटा बांधून, नवं धोतर नेसून आले आणि बाजेवर ताठ बसले. कडूबाई दाराशी बसून पाहत होत्या. म्हाळसाबाईंनी चष्मा लावला, कोळसा उचलला आणि एक रेघ काढून थांबल्या.

"पाटील, श्वास घ्या," त्या म्हणाल्या. "लय दिवस लागायचेत."